बातमी खालून कापतात, अर्ज वरून

वाचकाचं पत्र

"नमस्कार. आमच्या वस्तीचा रस्ता जिल्हा परिषदेनं गेल्या वर्षी डांबरी केला आणि पहिल्याच पावसात तो उखडला. तिथल्याच एका खड्ड्यात सासरे गाडीवरून पडले, पायाचं हाड मोडलं. या रस्त्याची माहिती मागायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला, तो तीन पानांचा झाला. तालुक्याच्या गावी टायपिंगवाल्यानं सांगितलं, १५० शब्दांत बसवा, नाहीतर घेणार नाहीत. भाच्यानं मोबाइलमधल्या एआयकडून १५० शब्दांत करून दिला, पण तो वाचला तर माझा अर्जच वाटत नाही. मी स्वतः बसले तर 'नम्र' आणि 'सविनय' एवढेच निघाले. सासऱ्यांचं काढायला तर हातच धजत नाही. काय कापू आणि काय ठेवू?

दुसरं असं, की आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणींकडे बटणाचे साधे फोन आहेत. त्यांना बैठकीचा मराठी मेसेज पाठवला की दोन मेसेजचे पैसे जातात. इंग्रजी अक्षरांत तेवढाच मेसेज एकात बसतो. असं का होतं? – एक वाचक, सातारा जिल्हा"

ताई,

पत्रासोबत मूळ अर्ज आणि भाच्यानं करून दिलेला अर्ज, दोन्ही पाठवलेत हे फार बरं केलंत. कागद समोर नसता तर नुसत्या गप्पाच झाल्या असत्या.

आधी त्या टायपिंगवाल्याचं बघू. तो म्हणाला ते निम्मं खरं आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, केंद्राचा. पण अर्ज कसा असावा, फी किती, हे नियम राज्यं आपापल्या कार्यालयांसाठी करतात. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून दोन अटी घातल्या. अर्ज एकाच विषयाचा असावा, आणि तो सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या वर जाऊ नये. यातल्या 'सर्वसाधारणपणे'वर बोट ठेवून तुम्हाला भांडता येईल. रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या कार्यालयांसाठी हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळू नये असं तिथल्या नियमातच म्हटलंय. पण टेबलापलीकडच्या माणसाला नकाराचं निमित्त आयतं कशाला द्यायचं? १५० मध्ये बसवा. तुमचा अर्ज त्याहूनही कमीत बसतो, पुढे दाखवतोच.

खरी जपायची ती दुसरी अट. एका अर्जात दोन-तीन विषय आले, तर माहिती अधिकारी पहिल्या विषयापुरतं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो, अशी मुभा त्याला त्याच नियमानं दिली आहे. तुमच्या दुसऱ्या पानाच्या शेवटी घरकुलांची यादी आली आहे आणि तिसरं पान जवळजवळ सगळं नळपाणी योजनेचं आहे. म्हणजे तीन पानं दिली असतीत तरी उत्तर रस्त्याचंच आलं असतं. घरकुलाचा एक अर्ज, नळपाण्याचा एक अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एवढ्यानंच दीड पान हलकं झालं, आणि त्यातला एक शब्दही वाया गेला नाही.

आता राहिलेलं दीड पान.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे कापाकापीचा प्रश्न आला की हात आपोआप मजकुराच्या तळाशी जातो. वार्ताहर चाळीस ओळी पाठवतो, पानावर जागा पंधरा ओळींची, आणि पान सोडायची वेळ झालेली. अशा वेळी शब्द निवडत बसायला कुणाला सवड नसते. शेवटचा परिच्छेद उडवायचा, मग त्याच्या वरचा. वार्ताहरालाही हे ठाऊक असतं. म्हणून काय झालं, कुठे, कधी, किती हे तो पहिल्या चार ओळींत देतो, आणि सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले हे तळाला ठेवतो. ते उडालं तर सूत्रसंचालकाशिवाय कुणाचं बिघडत नाही.

आपल्याकडचा अर्ज मात्र उलटा बांधलेला असतो. वर 'उपरोक्त विषयास अनुसरून', मग वस्ती कुठे आहे, घरं किती, रस्त्याची मागणी किती वर्षांची, कुणाकुणाला निवेदनं दिली, आणि हे सगळं झाल्यावर कुठेतरी 'तरी' येतो. 'तरी सदर कामाची माहिती मिळावी.' आपल्या अर्जांत काय हवंय ते या 'तरी'नंतर असतं. शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकलो तेव्हापासूनची ही सवय आहे. डेस्कच्या पद्धतीनं असा अर्ज खालून कापायला गेलात तर पहिल्याच फटक्याला मागणी जाईल. म्हणून अर्ज वरून कापायचा. तुमच्या अर्जातला 'तरी' दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत आहे. त्याच्या वर जे आहे ते आधी आडव्या रेघेखाली घ्या, आणि त्यातलं काही परत आणावं लागतं का ते मागाहून बघा.

इतकं बिनदिक्कत सांगतोय, कारण कायदाच तुमच्या बाजूनं आहे. कलम ६ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय की माहिती मागणाऱ्यानं कारण देण्याची गरज नाही. तुम्हाला हा रस्ता का महत्त्वाचा वाटतो, तुम्ही कोण, तुमचं काय नुकसान झालं, हे तो अधिकारी तुम्हाला विचारू शकत नाही. संपर्कासाठी नाव-पत्ता तेवढा लागतो. तुमच्या दीड पानातलं जवळपास एक पान 'कारण' आहे. मनापासून लिहिलंय, वाचताना मीही थांबलो, पण या अर्जात त्याचं काम नाही.

मग उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाचून कार्यालयातला माणूस कपाटातली कुठली फाइल काढेल? फाइलचं नाव सांगता आलं तर वाक्य ठेवा. नाही आलं तर ते कितीही खरं असो, काढा. 'खडी उघडी पडून जागोजागी मोठमोठे खड्डे पडलेले आहेत' या वाक्यानं कुठली फाइल निघते? कुठलीच नाही. खड्डे रस्त्यावर आहेत, फाइलमध्ये नाहीत.

'इतके निकृष्ट काम का केले' हा तुमचा प्रश्नही याच कसोटीवर पडतो, आणि तिथे तर नुसती माझी कसोटी नाही, न्यायालयाचा निकाल आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये, गोव्याच्याच एका प्रकरणात, सांगितलं की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या कायद्याखालची 'माहिती' नव्हे. अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन मागता येत नाही. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की कार्यालयानं आपल्याकडे आहे ती माहिती द्यायची, नवी तयार करून द्यायची किंवा मत द्यायचं त्याच्यावर बंधन नाही. म्हणजे 'का' लिहिलात की तीन-चार शब्द खर्च होतात आणि बदल्यात 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं छापील उत्तर येतं. त्या एका उत्तराच्या आडोशाला मग बाकीच्या मुद्द्यांनाही टाळाटाळ होते, हे मी वाचकांनी पाठवलेल्या अशा उत्तरांत पुष्कळदा पाहिलंय. 'का' सगळे काढा.

आता तुमच्या अर्जाचा गाभा घेऊ. मधला कारणांचा भाग गाळून मूळ मजकूर असा आहे:

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, आमच्या वस्तीवरून मुख्य रस्त्याला जाणारा जो रस्ता आहे त्या रस्त्याचे डांबरीकरणाचे काम गेल्या वर्षी उन्हाळ्यामध्ये करण्यात आलेले होते. परंतु पहिल्याच पावसामध्ये सदर रस्त्याची खडी उघडी पडून जागोजागी मोठमोठे खड्डे पडलेले आहेत. तरी सदर काम इतके निकृष्ट का करण्यात आले, त्यामध्ये डांबर किती वापरण्यात आले, खडी किती टाकण्यात आली, रस्त्याची रुंदी व जाडी किती ठेवण्यात आली, ठेकेदाराला किती पैसे देण्यात आले व कोणत्या अधिकाऱ्याने ते काम तपासले याची सविस्तर माहिती मिळावी."

हे ७८ शब्द झाले. यातल्या 'करण्यात आलेले होते'चं 'केले' करून, 'वापरण्यात आले'चं 'वापरले' करून आठ-नऊ शब्द वाचतील, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. खरी बचत होते ती कागदाचं नाव माहीत असल्यानं. डांबर किती, खडी किती, रुंदी किती, जाडी किती, हे चार प्रश्न विचारायचेच कशाला? बांधकाम विभागात प्रत्येक कामाची मोजमाप पुस्तिका असते. साहेब लोक तिला 'एमबी' म्हणतात. जागेवर किती काम झालं याची लांबी-रुंदी-जाडीसकट नोंद तिच्यात असते, खाली मोजणाऱ्या अभियंत्याची सही आणि वरच्या अधिकाऱ्यानं तपासल्याची सही. म्हणजे 'कोणत्या अधिकाऱ्याने तपासले' याचंही उत्तर तिथेच मिळालं. काम किती आणि कसं व्हायला हवं होतं ते अंदाजपत्रकात असतं. पैसे किती दिले ते देयकांत. हे तीन कागद शेजारी-शेजारी मांडलेत की 'निकृष्ट' हा शब्द तुम्हाला लिहावाच लागणार नाही.

तारेच्या काळात शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. पूर्ण वाक्याऐवजी क्रमांकाचे पैसे भरायचे, पलीकडच्या तार ऑफिसात त्याचं वाक्य होऊन मिळे. २०१३ च्या जुलैत बीएसएनएलनं तारसेवाच बंद केली, तेव्हा ती सोय आता आठवणीपुरती. पण सरकारी कागदांची नावं आजही तेच काम करतात. नाव बरोबर लिहिलंत की त्यामागचं अख्खं वाक्य समोरच्याला कळतं.

माझ्या हातून तुमचा अर्ज असा होईल. छापील नमुन्यात, म्हणजे जोडपत्र 'अ' मध्ये, विषय आणि कालावधी यांच्या वेगळ्या ओळी असतात. विषयात रस्त्याचं नाव: अमुक वस्ती ते अमुक रस्ता, डांबरीकरण. कामाचा फलक अजून उभा असेल तर त्यावरचं नावच जसंच्या तसं उतरवून घ्या, कारण फाइलवरही तेच असणार. कालावधीत 'गेल्या वर्षी' लिहू नका. काम मंजूर झालं त्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून अर्जाच्या तारखेपर्यंत, अशा तारखा घाला. मग माहितीच्या तपशिलात:

"या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील सर्व नोंदी, गुणनियंत्रण चाचण्यांचे अहवाल, अदा केलेली सर्व देयके, काम पूर्ण झाल्याचा दाखला. दोषदायित्व कालावधीत दुरुस्तीसाठी ठेकेदारास पाठवलेली पत्रे असल्यास त्यांच्याही प्रती द्याव्यात."

मोजून बघा, ३९ शब्द आहेत. बरोबर निम्मे, आणि मूळ मजकुरात नव्हत्या अशा चार-पाच गोष्टी यात जास्तीच्या आहेत. त्यातली शेवटची तुमच्या फार कामाची. रस्ता केल्यावर ठराविक काळात तो खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. त्या काळाला दोषदायित्व कालावधी म्हणतात. तो किती हे करारनाम्यात दिसेल, आणि त्या काळात कार्यालयानं ठेकेदाराला एक तरी पत्र पाठवलं का हे तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे कळेल. पाठवलंच नसेल तर तेही कागदावर येईल.

प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. गठ्ठा मोठा निघेल अशी शंका असेल तर आधी 'या कामाची फाइल पाहण्यासाठी वेळ द्यावा' एवढंच मागा. कागदपत्रं आणि काम यांची पाहणी करणं, साहित्याचा नमुना घेणं, हेही कायद्यानं दिलेले हक्क आहेत. सहा शब्दांचा अर्ज झाला. पण त्यासाठी तुम्हाला अर्धा दिवस कार्यालयात बसावं लागेल, आणि फाइलमध्ये काय बघायचं हे सांगणारं कुणी सोबत हवं. ते नसेल तर वरची यादीच बरी.

आता भाच्याच्या अर्जाविषयी. त्यातली ही दोन वाक्यं बघा: "आमच्या वस्तीच्या रस्त्याच्या दुरवस्थेमुळे नागरिकांना गंभीर अडचणींचा सामना करावा लागत आहे. संबंधित कामाबाबतची सर्व आवश्यक माहिती तातडीने उपलब्ध करून द्यावी." वाचायला गुळगुळीत, शुद्धलेखनही चोख. पण 'संबंधित' आणि 'आवश्यक' या नावाची फाइल कुठल्याच कपाटात नसते. 'मागितलेली माहिती सुस्पष्ट नाही' असं एका ओळीत उत्तर देऊन कार्यालय मोकळं होईल. तुम्हाला तो आपला अर्ज वाटला नाही, ते बरोबरच आहे. झालं असं, की 'हे १५० शब्दांत कर' एवढंच सांगितल्यावर एआयनं सगळंच सारख्या प्रमाणात बारीक केलं: कारणही थोडं, तक्रारही थोडी, मागणीही थोडी. काय ठेवायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वापरायचाच असेल तर कागदांची यादी आधी स्वतः लिहा आणि 'ही यादी शब्दशः ठेव, बाकीचं काढ' असं सांगा. मग तो चांगलं काम करील. पण खरं सांगायचं तर यादी लिहून झाल्यावर त्याच्याकडे द्यायला फारसं उरतच नाही.

बारीकसारीक शब्दांचं एका दमात सांगून टाकतो. 'च्या संदर्भामध्ये' ऐवजी 'बाबत'. 'सदर', 'सदरहू', 'उपरोक्त' यांतला कुठलाही नको. विषय वर लिहिलाय, 'हे काम' म्हटलं की पुरे. 'सविस्तर माहिती' म्हटल्यानं माहिती सविस्तर मिळत नाही. 'ही नम्र विनंती' काढायला तुम्हाला संकोच वाटतो, असं पत्रावरून दिसतं. 'कृपया' घाला एकदा, आणि खाली 'आपली विश्वासू'. हा तुमचा हक्क आहे, तो मागताना उद्धटपणा नको हे खरं, पण कमरेत वाकायचीही गरज नाही. 'आपले कार्यालय संबंधित नसल्यास योग्य त्या कार्यालयाकडे पाठवावे' ही ओळ तुम्ही कुणाकडून तरी ऐकून घातली असणार. तीही नको. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं ही कलम ६(३) प्रमाणे त्यांचीच जबाबदारी आहे, तुम्ही आठवण करून दिली नाहीत तरी. आणि शब्द वाचवायला दोन शब्द चिकटवून लिहू नका. 'रस्त्याच्याकामाबाबत' असं लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. मराठीला शब्दमर्यादा मुळातच सोयीची आहे. 'दुरुस्तीसाठी', 'ठेकेदारास', 'पुस्तिकेतील', सगळे प्रत्यय पोटातच असतात आणि मोजणी एकाचीच होते. त्यात आणखी लबाडी कशाला?

आता सासऱ्यांचं.

तुमच्या पहिल्या पानावरचा तो परिच्छेद अर्जातून काढायचा आहे, फाडून टाकायचा नाही. त्याची जागा तक्रारीत आहे. एक स्वतंत्र तक्रार जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना द्या, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. आणि तिथे हाच परिच्छेद पहिला घ्या. तो तक्रारीचा कणा आहे, १५० शब्दांचा नियमही तिथे लागू नाही. तरी थोडी छाटणी तिथेही करा. तुम्ही लिहिलंय: "माझे वयोवृद्ध सासरे नेहमीप्रमाणे पहाटे डेअरीला दूध घालण्यास जात असताना सदर जीवघेण्या खड्ड्यामध्ये गाडीसह पडून त्यांना अतिशय गंभीर दुखापत झाली व त्यामुळे आमच्या संपूर्ण कुटुंबाचे अतोनात हाल झाले." यातले 'जीवघेण्या', 'अतिशय गंभीर', 'अतोनात' काढा. त्यांच्या जागी तारीख, खड्डा नेमका कुठे (कुणाच्या विहिरीजवळ, कुठल्या वळणावर), कुठलं हाड मोडलं, किती दिवस प्लास्टर होतं हे घाला. वय आकड्यात लिहा. 'वयोवृद्ध' म्हटल्यावर साठही असू शकतात आणि नव्वदही. डेअरी मात्र राहू द्या. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस त्या रस्त्यावर रोज असणारच, हे त्या एका शब्दावरून वाचणाऱ्याला कळतं. दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स जोडा आणि खड्ड्याचा तारखेसकट फोटो. माहिती हातात आल्यावर मोजमाप पुस्तिकेतली त्या पट्ट्याची नोंद या तक्रारीला पुरवणी म्हणून जोडता येईल, आणि मग कार्यालयाला उत्तर देणं टाळता येणार नाही.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. तिथपासून तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. अपिलाचा मजकूर आत्ताच देऊन ठेवतो, म्हणजे पुन्हा तीन पानं होणार नाहीत: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जाची माहिती मुदतीत मिळाली नाही. ती विनामूल्य द्यावी." मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, म्हणून तो 'विनामूल्य' तिथे मुद्दाम ठेवलाय.

राहिला तुमचा मेसेज. तिथे शब्द मोजत नाहीत, अक्षरं मोजतात, आणि मराठीला जी सवलत शब्दांत मिळते ती इथे सव्याज वसूल होते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून तशी १६० बसतात. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट लागतात, म्हणून ७०. त्याच्या वर एक जरी गेलं की मेसेजचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडायच्या खुणेलाही जागा लागत असल्यानं प्रत्येक तुकड्यात ६७ च राहतात. शिवाय डोळ्याला जे एक अक्षर दिसतं ते मशीनला एक नसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हे एक अक्षर सहा जागा खातं.

तुम्ही पाठवलेला मेसेज असा होता: "सर्व सदस्यांना कळविण्यात येते की आपल्या बचत गटाची मासिक बैठक उद्या दुपारी 4 वाजता शाळेत आहे तरी सर्वांनी पासबुक घेऊन उपस्थित राहावे". याच्या १३१ जागा होतात. पहिला तुकडा बरोबर 'उद्या'वर संपतो. किती वाजता आणि कुठे, हे दुसऱ्यात. बहुतेक फोन तुकडे जोडून दाखवतात, पण एक अडकला तर निम्म्या जणी फक्त 'उद्या' वाचून बसतील. इथेही बघा, 'तरी' आहेच, आणि त्याच्याआधी 'कळविण्यात येते की'. मेसेज आलाय म्हणजे कळवलंच की!

हे पाठवा: "बचत गट बैठक उद्या दु. 4, शाळेत. पासबुक आणा." ४३ जागा. यात माझा एकच आक्षेप 'उद्या'ला आहे. साधा फोन पिशवीत राहतो, मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला जातो, आणि मग बाई तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन बसते. 'बुधवारी' लिहा. 'उद्या' दोन अक्षरी दिसत असला तरी मशीन पाच मोजतं, चार अक्षरी 'बुधवारी'चे सात. म्हणजे फरक दोनाचाच. एकूण ४५ झाले, २५ अजून शिल्लक आहेत. रोमन लिपीत लिहून ते आणखी वाढवायच्या फंदात पडू नका. ज्यांच्यासाठी मेसेज आहे त्यांतल्या कितीजणींना ती वाचता येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उरलेल्या जागेत शेवटी तुमचं नाव टाका. नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज कुणाचा हेच कळत नाही.